बारीक अक्षर

पाकिटात तीन तबकड्या आणि संपादिकेची चिठ्ठी:
प्रत्येकी एकशे ऐंशी शब्द, सोमवारपर्यंत.
मैमू, या वेळी तारे द्यायला विसरू नकोस.

तार्तूत चारलाच अंधार पडतो.
शेगडीतलं बर्चचं लाकूड तडतडतं,
म्हणून आधी ते विझू देते, मग अंगावर कोट घालून बसते.
पहिल्यांदा ऐकताना घरात दुसरं कुणी बोलायला नको.

पहिली तबकडी, चार व्हायोलिनवाल्या पोरांची.
चौघं नाहीत खरं तर, दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो,
पण वाजवतात असे, जणू चौघांनाही
एकदमच जेवायला हाक आलीय.
तीन तारे.

दुसरी ऑर्गनची.
सात सेकंदांचा घुमारा, त्यात प्रत्येक चूक
लोणच्यातल्या फोडीसारखी मुरलेली.
चार. त्यातला एक भिंतींना.

तिसरी किहेल्कोन्नाच्या चर्चमधली, फेब्रुवारीतली,
आवाज नको म्हणून हीटर बंद ठेवून केलेली.
रीन ओयासार, वय बावीस, पियानो.
ही पोर घाई करत नाही.
संथ भागात, वळणाच्या आधी,
नाकाने एक श्वास घेते, खुर्ची करकरते,
आणि ते कुणी पुसून टाकलेलं नाही. बरं केलं.

चष्मा चढवून मागची बारीक अक्षरं वाचली.
ध्वनिमुद्रण, संकलन, छायाचित्र,
घोंगड्या उसन्या देणाऱ्या बाईंचे आभार,
पियानोची जुळणी: रायगो पिहलाक.

कप बशीत ठेवला.

अठ्ठ्याण्णव साली त्याची पहिली तबकडी
याच टेबलावर आली होती.
तो तेव्हा तेवीस वर्षांचा.
मी लिहिलं होतं: हा एकेक सूर असा तपासतो,
जणू किल्ल्यांचा जुडगा मोजतोय.
तेव्हाच्या संपादकाने तेच मथळ्यात टाकलं.
लोक भेटले की हसून म्हणून दाखवायचे.
मीही म्हणायचे.
दुसरी तबकडी आली नाही.
कुणी म्हणालं, बेटावर गेला. कुणी म्हणालं, लाकडाच्या धंद्यात आहे.
मी ते कानाआड केलं.

पुन्हा लावली.
या वेळी मुलीला तिच्या वाटेने जाऊ दिलं,
नुसत्या तारा ऐकल्या.
एका सुराला तीन तारा, तिन्ही एकीच्या एक.
त्या थंडीत तासातासाला उतरत असणार,
आणि दर खेपेला तो आत येत असणार,
बोटं कापलेले हातमोजे,
हातात जुळणीची किल्ली.

खालचं सप्तक स्वच्छ.
मधलं, विहिरीचा तळ दिसावा तसं.
वरचं?

ऑक्टोबरात डॉक्टरांनी आलेख दाखवला.
आठ हजारांच्या पुढे माझी रेघ
कठड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली जाते.
सूर ऐकू येतो अजून,
त्याच्यावरची झळाळी नाही.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नुर्र मांडीवर झोपलेली.
शेवटच्या पानावर, जिथे मला फक्त लाकडाची टकटक ऐकू आली,
तिचा डावा कान वळला,
मग उजवा, आणि तसाच राहिला,
सूर संपेपर्यंत.

लिहिलं: पियानो अगदी वरपर्यंत खरा आहे.
खोडलं.
मांजराच्या कानांवरून दिलेली साक्ष.
पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
शेवटी वर, जिथे वादकाचं नाव आणि कंपनीचं नाव असतं,
त्यांच्या मध्ये एक ओळ घातली,
आमच्या मासिकात आजवर कुणी घातली नाही ती:
जुळणी, रायगो पिहलाक.
पाच तारे, रीनचे. तिच्यात माझं जुनं देणं मिसळायचं नाही.

सोमवारी संपादिका विचारते:
हे नाव कशाला? एक ओळ वाढतेय.
मी कळवलं:
मग खालचं माझं काढ.

अजून उत्तर नाही.
शेगडी पेटवलीय.
लाकूड तडकतं ते सगळं ऐकू येतं.
मला तरी सगळंच वाटतं.